तोंडात आणखी काय जातं?

धाकटी चोपन्न वर्षांची झाली होती. केस निम्मे पांढरे झाले होते, आणि बालवाडीतली तिची पहिली मुलं आता आपापली मुलं तिच्याच वर्गात आणून सोडत होती. तरी घरात तिचं नाव धाकटीच. तिला तसं म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं, ते म्हणजे दादा. तो जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवी गादी भरून कापड चढवायचं काम करायचा. रस्त्याकडच्या खोलीत त्याचा कारखाना, मागच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार. त्याने लग्न केलं नाही, तिचं टिकलं नाही. त्यामुळे दोघं पुन्हा लहानपणीसारखी एका छपराखाली भांडायला लागली, त्यालाही वीस वर्षं झाली होती.

दादाच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी अडीचला किरणं द्यायची. एकूण तेहेतीस वेळा.

"किरणं गाठीला मारतात, पण वाटेतल्या तोंडाच्या आतल्या कातडीलाही भाजतात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या आठवड्यापासूनच तोंडात फोड येऊ शकतात. फार आले की गिळता येत नाही. गिळता आलं नाही की माणूस खंगतो, आणि कधी कधी किरणं मध्येच थांबवावी लागतात. ते मला नकोय. किरणांत खंड पडला की गाठीला उसंत मिळते. म्हणून फोड यायच्या आधीपासून तोंड सांभाळायचं."

एवढं ऐकल्यावर धाकटीने ते काम आपल्याकडे घेतलं. घेतलं म्हणजे कसं, तर बालवाडीत घेते तसं. जाड कागदावर चौकटी आखल्या. मऊ केसांच्या ब्रशने दात घासणे, दोन वेळा. पेलाभर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून गुळण्या, दर तीन तासांनी. दवाखान्यातून दिलेल्या औषधाच्या गुळण्या, सांगितलेल्या वेळी. तिखट नाही, फार गरम नाही, कडक काही नाही. प्रत्येक गोष्ट झाली की चौकटीत चिकटवायला सोनेरी चांदणी.

"चांदण्या?" दादा म्हणाला. "मी एकसष्ट वर्षांचा आहे, धाकटे."

"मग मोठी चांदणी देते."

"आणि दहा झाल्या की?"

"दहा झाल्या की तुला खिडकीजवळ बसायला मिळेल."

तो हसला, पण चांदण्या चिकटवायला लागला. इतकंच नाही, एक वाकडी लागली तर नखाने उचकटून सरळ लावायचा. किरणांच्या खोलीतही त्याचं लक्ष भलतीकडेच. डोकं हलू नये म्हणून त्याच्या चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा घालून तो टेबलाला घट्ट बसवायचे. बाहेर आल्यावर गालांवर जाळीचे वळ असायचे, आणि हा परिचारिकेला सांगायचा, "ताई, त्या टेबलाची गादी डाव्या कडेला उसवलीय. सुई-दोरा आणू का उद्या?"

"काका, तुम्ही तुमची जीभ सांभाळा. गादी आम्ही बघतो."

पहिला आठवडा असा चांगला चालला होता, आणि शुक्रवारी, पाचव्या दिवशी, घोडं पेंड खायला लागलं.

परिचारिकेने नेहमीप्रमाणे बॅटरी लावून तोंड तपासलं. मग पुन्हा तपासलं. मग डॉक्टरीणबाईंना बोलावलं. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला तीन, आणि जिभेच्या शेंड्याला कडेने दोन, असे बारीक लाल-पांढरे फोड आले होते.

"पाचव्याच दिवशी?" डॉक्टरीणबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आणि इथे पुढे? किरणं मागे जातात. ओठापर्यंत फारशी येतच नाहीत."

"मग कशाने आले?" धाकटीने विचारलं.

"तेच कळत नाहीये. काही कडक खाल्लं? गरम? तंबाखू? खरं सांगा काका."

"मी तंबाखू खात नाही. कधीच नाही," दादा म्हणाला. "आणि ही मला उकडलेला बटाटा नि मऊ भात याखेरीज काही देईल तर ना."

बाईंनी चिमटीत कापूस धरून फोडांना हलकेच लावून पाहिला. "पुढच्या शुक्रवारी पुन्हा बघू. वाढले तर मात्र काही दिवस थांबायचा विचार करावा लागेल. तोपर्यंत तुम्ही दोघं शोधा. काहीतरी लागतंय यांच्या तोंडाला."

धाकटी बाहेरच्या बाकावर येऊन बसली. एक आठवडा. चौकटी भरलेल्या, चांदण्या लागलेल्या, एकही गुळणी चुकलेली नाही, आणि तरी हे. वर्गात सगळ्यांत शहाण्या मुलाने अचानक बाकावर चढून रडायला लागावं, तसं तिला वाटलं. कुठे हात लावावा तेच समजेना.

शेजारी निळ्या स्वेटरवाल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण लगेच म्हणाल्या, "बर्फ. बर्फाचे खडे चघळायला द्या. आमच्या ह्यांना तेच देतात, एकसुद्धा फोड नाही."

धाकटीने त्या रात्रीपुरता बर्फ जमवला. पण सोमवारी परिचारिकेला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांच्या मिस्टरांना शिरेतून औषध देतात, ताई. त्यातल्या काही औषधांच्या वेळी बर्फाने फायदा होतो. किरणांचं वेगळं. काकांना गार वाटत असेल तर थोडा दिला तरी चालेल, पण त्याच्या भरवशावर राहू नका."

"आणि मध? एक गृहस्थ म्हणाले मध लावा."

"मधाचं डॉक्टरांना विचारून ठरवा. तो दातांना चिकटून राहतो, आणि काकांचे दात आपल्याला जपायचेत."

"म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे विचारा," परिचारिका म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

धाकटीचं डोकं चक्रावलं. चार माणसं चार गोष्टी सांगत होती, आणि प्रत्येकाचं कुणा ना कुणाच्या बाबतीत खरं होतं. मग तिने तिला येणारी एकच पद्धत वापरली. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या अंगावर एकदम पुरळ उठलं की ती एकेक वस्तू बाजूला काढून बघायची, आधी साबण, मग टॉवेल, मग रंग. तसंच करायचं ठरवलं. दादाच्या तोंडाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूची तिने यादी केली आणि एकेक बाद करत गेली.

सोमवारी टूथपेस्ट गेली. नुसत्या ओल्या ब्रशने घासणं सुरू झालं. फोड तसेच.

मंगळवारी स्टीलचा चमचा गेला, लाकडी आला. "आता घोडागाडी पण आण," दादा म्हणाला. फोड तसेच, उलट ओठाला एक नवा.

बुधवारी तिची नजर मीठ-सोड्याच्या पाण्यावर गेली. दादा गुळणी करताना तोंड वाकडं करत होता. "झोंबतंय?"

"झोंबणारच. फोडांवर मीठ आहे."

झालं, तिला चोर सापडल्यासारखं वाटलं. मीठच जास्त पडत असणार! तिने गुळण्या बंद केल्या. चौकटी रिकाम्या राहायला लागल्या, आणि रिकाम्या चौकटींकडे बघून दादा तिच्यापेक्षा जास्त अस्वस्थ झाला. "डॉक्टरीणबाईंना विचारलंस का?"

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

बोलली खरी, पण मनात धाकधूक होती. ती जे काढून घेत होती ते औषध होतं की आजार, हेच तिला ठरवता येईना.

गुरुवारी बालवाडी सुटल्यावर ती पावणेएकला घरी आली. दवाखान्यात जायला अजून तासभर होता. फोड पुन्हा पाहिले होते सकाळी, ओठाचे आता एकमेकांना लागले होते. उद्या शुक्रवार. उद्या डॉक्टरीणबाई थांबा म्हणतील, आणि तिकडे जिभेच्या मुळाशी ती गाठ आरामात बसून राहील. तिने पर्समधून यादी काढली, पेन काढलं आणि तशीच रस्त्याकडच्या खोलीत गेली.

दादा कामात होता. एका सभागृहाच्या बारा खुर्च्या त्याच्याकडे आल्या होत्या, त्यातली सातवी पुढ्यात उताणी होती. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, झेपेल तेवढं काम करा, नुसते पडून राहू नका. डाव्या हाताने त्याने हिरवं कापड चौकटीवरून ताणून धरलं होतं. उजव्या हातात त्याची बारीक तोंडाची हातोडी होती, टोकाला लोहचुंबक असलेली.

"दादा, नीट विचार करून सांग," धाकटी म्हणाली. "ब्रश झाला, पेस्ट झाली, चमचा, पेला, गुळण्या, टॉवेल झाला. तुझ्या तोंडात आणखी काय जातं?"

दादाने डाव्या हाताचं एक बोट जरासं उचललं, म्हणजे थांब. कापड सोडता येत नव्हतं. हातोडी ओठांपाशी गेली, खिळा तिच्या टोकाला चिकटून बाहेर आला, टक्-टक्, लाकडात बसला. हातोडी पुन्हा ओठांपाशी. टक्-टक्. धाकटी पेन धरून उभी राहिली. दादाचं तोंड खिळ्यांनी भरलेलं असताना त्याच्याशी बोलायचं नाही, ते रिकामं होईपर्यंत थांबायचं, हे ती सहा वर्षांची असल्यापासून शिकली होती. तेव्हा तो वडिलांच्या हाताखाली हेच करायचा. टक्-टक्. जीभ आतून खिळा फिरवायची, डोकं पुढे करायची, ओठ तो धरायचे, हातोडी तो उचलायची. घड्याळासारखं काम. ती पाहत राहिली. नऊ, दहा, अकरा.

बाराव्या खिळ्यानंतर त्याने जिभेने तोंडातून एक फेरी मारली, काही उरलं नाही अशी खात्री केली आणि म्हणाला, "आणखी काही नाही."

"नीट आठव."

"अगं काही नाही. तूच देतेस सगळं, तुला माहीत नाही?"

"काही नाही," धाकटीने कागदावर लिहिलं. खाली एक रेघ ओढली. वळली, मधल्या दारातून स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा पेला भरला, ओठांपर्यंत नेला, आणि तिथेच थांबली.

पाणी न पिता पेला तिने ओट्यावर ठेवला. परत दारात येऊन उभी राहिली. दादाने डब्यातून चिमूटभर खिळे घेतले होते आणि शेंगदाणे टाकावेत तसे तोंडात टाकले होते.

"दादा," ती म्हणाली. "थुंक."

"हं?"

"थुंक ते! सगळे! हातावर!"

त्याने घाबरून ओंजळीत थुंकले. अठरा-वीस बारीक निळसर खिळे, लाळेने चकाकणारे, एखाददुसऱ्याला किंचित लालसर. दोघांनी खाली वाकून त्यांच्याकडे पाहिलं.

"हे काय?" धाकटीने विचारलं.

"खिळे."

"कुठे होते?"

"कुठे म्हणजे? माझ्या..." तो थांबला. ओंजळीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "अगं पण हे तोंडात जातात असं कोण म्हणेल? हे मी खातो का? हे हत्यार आहे. कामाचं आहे."

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काहीतरी लागतंय तोंडाला."

"त्यांनी खाण्याचं विचारलं. तंबाखूचं विचारलं. मी काय खोटं बोललो?"

तो खोटं बोलला नव्हता, हीच तर पंचाईत. आणि तिला तरी कुठे दिसलं होतं? सकाळ-संध्याकाळ ती या दारातून जात-येत होती. आठवडाभर ती त्याच्या पेल्याच्या कडा बोटाने तपासत होती, आणि हे समोर चालू होतं. आत्ता तर ती स्वतः उभी राहून मोजत होती! त्याच्या तोंडात काय जातं ते लिहायला पेन धरून, त्याचं तोंड रिकामं होण्याची वाट बघत! तिने कपाळावर हात मारला. हसावं की रडावं कळेना, म्हणून ती नुकत्याच उरकलेल्या सहाव्या खुर्चीवरच बसली.

"ती ओली आहे," दादा म्हणाला. "डिंक."

"असू दे."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "एवढे दिवस काही झालं नाही ना पण. जवळजवळ पन्नास वर्षं."

"तेव्हा तोंडाची कातडी धड होती. आता तुझं तोंड कोरडं पडायला लागलंय, आतून नाजूक झालंय. तेच खिळे आता बोचतात. वर डब्यातली धूळ, गंज."

"बरं. नाही घालत तोंडात. त्यात काय."

त्याने एक खिळा डब्यातून चिमटीत घेतला, हातोडी उचलली, कापड ताणलं, आणि मग नुसता उभा राहिला. दोन हात, दोन्ही गुंतलेले. खिळा कुठे ठेवायचा? त्याने आजूबाजूला पाहिलं. "हे कसं करतात मग लोक?" असं म्हणता म्हणता खिळा ओठांत गेलासुद्धा.

"दादा!"

"अरे!" त्याने तो काढला आणि परक्याचा असावा तसा आपल्या हाताकडे बघितला. "मी नाही घातला. तो गेला."

दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा अर्ध्या वाटेत तिने मनगट धरलं. दादा घामेघूम झाला होता. किरणांच्या टेबलावर जखडल्यावरही तो इतका गोंधळला नव्हता. "काम बंद करू का?" त्याने विचारलं, आणि त्याचा चेहरा बघून ती 'हो' म्हणू शकली नाही. अडीच वाजेपर्यंतचा सबंध दिवस तो या खोलीत कारागीर असायचा, फक्त उरलेला वेळ पेशंट. काम काढून घेतलं तर चोवीस तास पेशंटच.

शुक्रवारी तिने डॉक्टरीणबाईंसमोर सगळं ओकून टाकलं. खिळे तर सांगितलेच, मीठ-सोड्याच्या गुळण्या बंद केल्याचंही सांगितलं. खिळ्यांवर परिचारिका तोंडावर हात धरून हसली. गुळण्यांवर मात्र तिचं हसू मावळलं.

"ते का बंद केलंत, ताई? चोर सोडून पहारेकऱ्याला घालवलंत."

"झोंबत होतं म्हणून."

"मीठ कमी करायचं, विचारायला यायचं. बंद नाही करायचं. आजपासून पुन्हा सुरू. आणि पेस्ट, सौम्य आहे ती, तीही सुरू."

डॉक्टरीणबाई बराच वेळ तोंडात बघत होत्या. धाकटी त्यांच्या भुवयांकडे बघत होती. वर गेल्या, खाली आल्या, काही अर्थ लागेना.

"या जखमा आहेत, टोचल्याच्या," त्या शेवटी म्हणाल्या. "किरणांच्या नाहीत. टोचणं थांबलं आणि तोंड स्वच्छ राहिलं तर भरतील. किरणं थांबवत नाही. आजची होऊ दे. पण काका, एक खिळा जरी दिसला..."

"हात ऐकत नाही हो," दादा अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

"मग हाताच्या वाटेत काहीतरी आडवं घाला."

शनिवारी सकाळी त्याने स्वतःच ते शिवलं. मऊ, धुतलेल्या सुती कापडाची पट्टी, नाकाखालून हनुवटीपर्यंत, कानामागे बांधायच्या नाड्या. डाव्या मनगटाला त्याने जाड फोमचा तुकडा पट्ट्याने बांधला आणि त्यात खिळे उभे खोचले, डोकी वर. हातोडीने तिथून खिळा उचलायचा, अशी योजना. योजना छान होती, पण हातोडी मनगटाकडे जाण्याआधी तोंडाकडेच जायची, कापडावर आपटायची, आणि दादा कापडाआडून शिव्या द्यायचा. पहिल्या दिवशी एका खुर्चीला पाच तास लागले. तिसऱ्या दिवशी तीन. गुळण्यांची वेळ झाली की धाकटी दारातून टाळी वाजवायची, तो पट्टी खाली ओढायचा, गुळण्या करून यायचा आणि चौकटीत चांदणी लावायचा. ओठ मिटत गेला. जिभेचा शेंडा गुलाबी झाला.

तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी, तेराव्या किरणांनंतर, दादा गालांवर जाळीचे वळ घेऊन बाहेर आला आणि परिचारिकेने बॅटरी लावायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टरांना बोलवा. आत मागे, उजवीकडे, काहीतरी आलंय."

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. घशाच्या तोंडाशी एक लालसर चट्टा होता, मध्ये बारीकसा पांढुरका ठिपका.

"हा माझा नाही," दादा म्हणाला. "हा तुमचा."

"हो, काका," त्या म्हणाल्या. "हा आमचाच. उशिरा आला, आणि एकटाच आहे. आणखीही येतील कदाचित. दुखायचं औषध देते. जेवण सुटता कामा नये. उद्या अडीचला."

धाकटी बाकावरून उठली. फोड आला म्हणून रडायचं, की उशिरा आला म्हणून हसायचं, की उद्या अडीचला म्हणून नुसतं पर्स उचलायची? काही ठरेना. तिने पर्स उचलली.